स्थळ कोण दाखवतं?



मोबाइलवरच्या स्थळांविषयी संपादकीय लिहिते आहे म्हटल्यावर आमच्याच गटातल्या दोघी-तिघींनी नाकं मुरडली. पाण्याचा प्रश्न आहे, ऊसतोडीला गेलेल्या बायांचा आहे, हुंडा तर कुठे गेलेलाच नाही. हे सगळं टाकून डेटिंग अ‍ॅपचे चोचले कशाला? ते पुण्या-मुंबईच्या पोरींचं. मला हे पटत नाही. उमरग्यातून पुण्याला नर्सिंगला, कंपनीत, दुकानात कामाला गेलेल्या मुली आपल्याच आहेत आणि त्यांच्या फोनमध्ये ही अ‍ॅप्स आहेत. जी गावातच राहिली तिच्या भावाच्या नाहीतर वडिलांच्या फोनमध्ये सोयरिकीचं अ‍ॅप आहे. एकीकडे बोट सरकवून मित्र शोधायचा, दुसरीकडे बायोडाटा टाकून नवरा. वरून दोन्ही वेगळं दिसतं. आतलं यंत्र बरंचसं एकाच जातीचं आहे, आणि ‘जात’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे.

आपल्याकडे सोयरीक कशी जमते हे नव्याने सांगायला नको. मामा, आत्याचे यजमान, बाजारच्या दिवशी तालुक्याला येणारे पाहुणे, समाजाचा वधू-वर मेळावा, शिकलेल्यांच्या घरी रविवारच्या पेपरातल्या जाहिराती, त्याही जातवार रकान्यांत लावलेल्या. कोणतं स्थळ सांगायचं आणि कोणतं दाबून ठेवायचं हे या मंडळींच्या हाती असे, आणि त्यात त्यांचा स्वार्थही असे. आपण या मध्यस्थांवर काही कमी टीका केलेली नाही. पण मामाला निदान तोंडावर विचारता येत होतं की हेच स्थळ का आणलं, त्या शिकलेल्या पोराचं का नाही सांगितलं? मामा चिडायचा, प्रसंगी खोटंही बोलायचा. तरी उत्तर द्यायला तो समोर बसलेला असायचा.

आता मामाच्या जागी एक हिशेब बसला आहे. त्याला अल्गोरिदम म्हणतात. नाव अवघड, काम समजायला अवघड नाही. अ‍ॅपवर हजारो लोकांनी नाव नोंदवलेलं असतं, पण पडद्यावर एका वेळी एखाद-दोन चेहरेच मावतात. पहिला कोण दिसणार, पन्नासावा कोण, आणि कोण कधीच दिसणार नाही, हे ठरवण्याचा जो नियम संगणकाला घालून दिलेला असतो तो अल्गोरिदम. आधी चाळण लागते. वय, अंतर, शिक्षण. सोयरिकीच्या अ‍ॅपवर धर्म, जात, पोटजात, आधी लग्न झालं होतं का. चाळणीतून गळलेलं माणूस तुमच्यासाठी जगातच नसतं. मग उरलेल्यांची रांग लावली जाते. तुम्ही आजवर कुणाला पसंत केलं, तुमच्यासारख्या इतरांनी कुणाला पसंत केलं, समोरच्याला किती जणांकडून पसंती आली, अ‍ॅप रोज कोण उघडतं, पैसे कुणी भरलेत, असं बरंच काही त्यात धरतात. बोट उजवीकडे सरकवलं की पसंत, डावीकडे सरकवलं की नापसंत. तुम्ही एखाद्या फोटोवर दोन क्षण रेंगाळलात तर तेवढ्यावरूनही यंत्राला काही शिकता येतं.

ही चाळण दुहेरी असते, हे फार जणींच्या लक्षात येत नाही. आपल्या एखाद्या मुलीने ‘जातीची अट नाही’ असं लिहिलं म्हणजे तिला सगळी स्थळं खुली झाली असं आपल्याला वाटतं. ज्या मुलाने, खरं म्हणजे ज्या मुलाच्या आईवडिलांनी, आपल्या बाजूने जातीची चाळण लावली आहे त्याच्यापुढे ती जातच नाही. ती दार उघडून बसते आणि वाटतं की कुणी आलंच नाही. आलं नाही की येऊ दिलं नाही, हे कळायला तिच्याकडे काही मार्ग नाही. मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत वाईट गोष्ट ही वाटते. नकार कळला तर माणूस निदान भांडतो.

अंतराच्या नियमाचंही तेच. पुण्यात ‘जवळचे आधी दाखवा’ ही सोय आहे. उमरग्यात जवळचे म्हणजे मुरूम, लोहारा, नळदुर्ग, निलंगा, पलीकडे आळंद आणि बसवकल्याण. नावं नोंदवलेली माणसं मोजकी, आणि ती ओळखीचीच निघायची शक्यता दाट. दिवाळीला घरी आलेल्या मुलीने अ‍ॅप उघडलं आणि पहिलाच चेहरा चुलतभावाच्या मित्राचा निघाला, तर तिनेच त्याला पाहिलं असं नाही, त्यानेही तिला पाहिलेलं असतं. संध्याकाळपर्यंत ते घरी पोचू शकतं. ज्या मैत्रिणींना बाईचीच सोबत हवी आहे त्यांची तर आणखी पंचाईत. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगितलं, पण तालुक्याच्या गावाला ते सांगायचं बाकी आहे. अंतराचा हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उमरगा नव्हतं.

गेल्या महिन्यात आमच्या बैठकीला येणारी एक मैत्रीण म्हणाली, “ताई, माझ्या नावाने येतात ती सगळी बिजवराचीच स्थळं का येतात हो?” तिचं वय एकतीस. सोडचिठ्ठी होऊन चार वर्षं झाली, मूल नाही, शिवणकामावर स्वतःचं पोट स्वतः भरते. फोन सतरंजीवर ठेवला आणि सगळ्या जणी भोवती बसलो. माहिती कोणी भरली, या रकान्यात लिहिलेलं होतं: भाऊ. अपेक्षांच्या पानावर जात आणि पोटजात आपलीच, वय पस्तीस ते पन्नास, विधुर किंवा घटस्फोटित. तिने हे पान तोवर पाहिलेलंच नव्हतं. रोज संध्याकाळी भाऊ चहाच्या टपरीवर बसून तिच्या नावाने आलेली स्थळं वरखाली करायचा. काही पुढे पाठवायचा, बाकीची पुसायचा. यंत्राने महिनोन् महिने भावाचा अंगठा वाचला आणि त्यालाच तिची आवड मानलं.

भाऊ वाईट नाही. बहिणीचं पुन्हा बस्तान बसावं म्हणूनच तो हे करत होता. त्याच बैठकीत दुसरी एक म्हणाली की तिचा दीर अडतीस वर्षांचा, त्याचीही सोडचिठ्ठी झालेली. त्याला मात्र पंचविशीतल्या, लग्न न झालेल्या मुली दाखवतात. त्याच्या घरच्यांनी तसंच भरलं आहे, आणि तशा इतर हजारो पुरुषांच्या घरच्यांनीही तसंच भरलं असणार.

मला इथे बाबासाहेबांचा १९१६ सालचा निबंध आठवतो. पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी तो कोलंबिया विद्यापीठात वाचला. जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा आहे, आणि ते टिकवायचं तर जातीत लग्नाच्या वयाच्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती ठेवावी लागते, असं त्यांनी त्यात मांडलं. नवरा मेला की बाई वरकड ठरते. तिला जातीतच दुसरा नवरा दिला तर एका कुमारिकेचा वाटा जातो, जातीबाहेर जाऊ दिली तर जात मोडते. म्हणून सती, म्हणून सक्तीचं वैधव्य. बायको मेलेला पुरुषही वरकडच, पण तो पुरुष असल्यामुळे त्याला जाळता येत नाही. मग त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांमधून मुलगी आणून द्यायची, म्हणून बालविवाह. ज्यांनी हा निबंध वाचला नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचावा, मोठा नाही. शंभरावर वर्षं उलटली. सती गेली, कायद्याने बालविवाहही गेला, पण वरकड बाई पन्नाशीच्या विधुराकडे आणि वरकड पुरुष पंचविशीच्या मुलीकडे, ही वाटणी फोनमध्ये जशीच्या तशी बसली आहे.

कंपन्या म्हणतील, आम्ही कोण ठरवणारे? लोक मागतात ते आम्ही दाखवतो. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं २०२० सालच्या दोन प्रकरणांत दिसलं. त्या वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने बातमी दिली की शादी डॉट कॉमवर ब्राह्मण म्हणून नाव नोंदवलं की अनुसूचित जातींची स्थळं आपोआप वगळली जातात, दिसायला हवी असतील तर माणसाने स्वतः आत जाऊन पसंती बदलायची. ब्रिटनच्या २०१० सालच्या समता कायद्यात हे बसतं का, असा प्रश्न तेव्हा तिथे उठला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्या माणसाने अस्पृश्यता मागितली नव्हती. त्याने फक्त आपली जात सांगितली. पुढचं यंत्राने स्वतःहून केलं. आपल्याकडे किती जण आत जाऊन ते पान बदलतात? भावाने भरलेलं पान चार वर्षं न पाहिलेली बाई मी वर सांगितलीच.

दुसरं प्रकरण जून २०२० मधलं, त्याच कंपनीचं. अमेरिकेत गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतल्यावर जगभर वर्णभेदावर बोलणं सुरू होतं. त्या दिवसांत डॅलसमधल्या एका भारतीय बाईने ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली: स्थळ शोधताना कातडीचा रंग निवडायची सोय काढून टाका. हजारावर सह्या झाल्या आणि कंपनीने ती काढली. तिचा काही उपयोगच होत नव्हता, ती काढायची राहून गेली होती, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्याच सुमाराला ‘फेअर अँड लव्हली’चं नावही बदललं. सह्या करणाऱ्या बायांचं कौतुक केलंच पाहिजे. थोड्या जणींनी मिळून मागितलं तर मोठी कंपनीही हलते, हे त्यांनी दाखवलं. पण क्रीमचं नाव बदलून डबीतलं क्रीम बदलत नाही, आणि रंगाचा रकाना काढल्याने रंग जात नाही. फोटो तिथेच आहे. लोकांनी गोऱ्या चेहऱ्यांवर बोट दाबलं की यंत्र पुढच्यालाही तसेच चेहरे आधी दाखवणार, आणि सावळ्या मुलीचा नंबर मागे मागे जाणार. त्यासाठी त्याला ‘रंग’ हा शब्द माहीत असायची गरज नाही.

टिंडर नावाच्या डेटिंग अ‍ॅपने तर काही वर्षं प्रत्येकाला चक्क गुण दिले होते. बुद्धिबळातल्या खेळाडूंना एलो पद्धतीने गुण देतात तसे. बुद्धिबळात तगड्या खेळाडूला हरवलं की जास्त गुण मिळतात. इथे ज्याला खूप जण पसंत करतात त्याने तुम्हाला पसंत केलं की तुमचे गुण वाढायचे. मग साधारण सारख्या गुणांची माणसं एकमेकांना दाखवायची. ही पद्धत आता आम्ही वापरत नाही, असं कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलं. ‘बघण्याच्या कार्यक्रमात’ पोरीला चालायला लावायचे, केस सोडायला लावायचे, ते आपण बंद पाडायला निघालो होतो. तिथे निदान तिला कळत तरी होतं की आपली परीक्षा चालू आहे.

यंत्राचा शब्द माणसाचं मन कसं वळवतो याचाही दाखला आहे. ओकेक्युपिड या अमेरिकन कंपनीने २०१४ मध्ये स्वतःच कबूल केलं की ज्यांचं शंभरात तीसच जुळत होतं अशा काही जणांना तिने ‘तुमचं नव्वद टक्के जुळतं’ असं मुद्दाम सांगून पाहिलं. ते जास्त बोलू लागले. मग ‘लोकांची आवड आम्ही फक्त दाखवतो’ हे म्हणणं कसं मानायचं?

थोडं गणित सांगते, कंटाळू नका. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी जोड्या जुळवायची एक रीत मांडली. शॅप्लींना पुढे २०१२ साली नोबेल मिळालं. समजा दहा मुलं, दहा मुली, प्रत्येकाने आपापल्या पसंतीचा क्रम लावलेला. मुलांनी विचारायचं, मुलींनी आलेल्यांतला सर्वांत बरा धरून ठेवायचा, त्याहून बरा आला तर आधीचा सोडायचा. ज्याला सोडलं त्याने पुढच्या मुलीला विचारायचं. असं करत शेवटी अशा जोड्या लागतात की कुठलीही दोघं आपापली जोडी मोडून एकमेकांकडे जाणार नाहीत. पण अशा टिकाऊ जोड्या लावायच्या एकाहून जास्त रीती असू शकतात, आणि या रीतीत विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याला मिळू शकणारा सर्वांत चांगला जोडीदार मिळतो. वाट पाहणाऱ्या प्रत्येकीला मिळू शकणाऱ्यांतला सर्वांत नावडता. मुलींनी विचारलं तर हेच उलटं होतं. हे कुणा स्त्रीवादी बाईचं मत नाही, गणिताने सिद्ध केलेली गोष्ट आहे. हिंज नावाच्या अ‍ॅपने २०१८ पासून याच गणिताच्या आधाराने जोडी सुचवायला सुरुवात केली. आपल्या मुलींना आपण पिढ्यान् पिढ्या काय शिकवलं? ‘बाईने विचारायचं नसतं.’ बंबल हे अ‍ॅप २०१८ च्या शेवटी भारतात आलं ते बाईने आधी बोलायचं हा नियम घेऊन. मला तो नियम आवडला होता. पण बोलायचं कुणाशी, ते चार चेहरे आधी कुणीतरी निवडलेलेच असतात.

आणि पैशाचं काय? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, आपल्या शेजारच्या बीडमध्ये ८०७. ती मुलं आता लग्नाच्या वयाला येऊ लागली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तो तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. डेटिंग अ‍ॅपवरही पुरुषांची गर्दी आणि बायका थोड्या. पैसे भरले की काही वेळ आपला चेहरा रांगेत पुढे, असा सौदा तिथे चालतो. दुकान चालतं पुरुषाच्या वाट पाहण्यावर आणि मांडणीत ठेवलेला असतो बाईचा फोटो. ज्याचं लग्न लवकर जमलं तो गिऱ्हाईक म्हणून गेला. तेव्हा सगळ्यांचं चटकन जमावं अशी दुकानदाराला घाई असेल, असं मी तरी मानत नाही.

उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की हद्दीपलीकडे बसवकल्याणचा फाटा लागतो. बाराव्या शतकात तिथे ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चांभार हरळय्याचा मुलगा यांचं लग्न शरणांनी लावलं, आणि त्या दोन्ही बापांना राजाने मरणाची शिक्षा दिली, असं परंपरा सांगते. त्या लग्नाला मध्यस्थ होता, तो बसवण्णांचा अनुभवमंटप. वेगवेगळ्या जातींची माणसं तिथे एकत्र बसत होती, म्हणून ती घरं एकमेकांना दिसली. देशात शंभरातली जेमतेम पाच लग्नं जातीबाहेर होत होती, असं २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आढळलं. फोन आला तेव्हा मला खरोखर वाटलं होतं की हा आकडा आता हलेल, कारण फोनला गल्ली नसते, वेस नसते. ती वेस पुन्हा बांधली गेली आहे, आणि बरीचशी आपल्याच घरच्यांच्या बोटांनी.

तेव्हा मागायचं काय? सरकारने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या: नाव नोंदवणाऱ्याची ओळख तपासा, फसवणूक टाळा, तक्रार ऐकायला माणूस नेमा. चांगल्या आहेत. पण स्थळं कोणत्या क्रमाने दाखवायची, कोणती लपवायची, याविषयी त्यांत अक्षर नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपली कोणती माहिती कंपनीकडे आहे हे विचारायचा हक्क त्यात आहे. आपल्याला कुणापासून का लपवलं, हे विचारायचा नाही. आमच्या बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. जातीचा रकानाच काढून टाका, असं काहींचं म्हणणं. दलित मैत्रिणींपैकी एकीने ते खोडलं. ती म्हणाली, “रकाना काढला तर आडनावावरून ओळखतील, आणि मग आमच्याशी काय चाललंय हे दाखवायला आकडाही उरणार नाही.” मला तिचं पटलं. रकाना हवा तर राहू द्या, पण यंत्राने स्वतःहून कुणाला वगळायचं नाही; वगळायचं असेल तर माणसाने स्वतःच्या हाताने लिहावं की मला अमुक जात नको, आणि ते लिहिताना त्याला थोडी तरी लाज वाटू दे. प्रत्येक स्थळाखाली ‘हे का दाखवलं’ याचं उत्तर मराठीत असावं. आणि जिच्या नावाने पान आहे तिच्या स्वतःच्या फोनवर विचारल्याशिवाय तिच्या अपेक्षा कुणाला भरता येऊ नयेत, मग तो भाऊ असो की बाप.

आमच्या त्या मैत्रिणीने पान स्वतःच्या हातात घेतलं आहे. जात काढली, वय अठ्ठावीस ते अडतीस केलं, लग्न झालेलं-न झालेलं दोन्ही ठेवलं. भाऊ आठ दिवस बोलला नाही, आता बोलतो. स्थळं कमी येतात. तिच्या बाजूची चाळण निघाली, समोरच्यांची तशीच आहे. लातूरच्या एका शिक्षकाने मात्र स्वतःहून विचारलं आहे. पुढे काय होतं ते तीच ठरवेल.

तुमच्या गटात हे करून पाहा. ज्यांची नावं अशा अ‍ॅपवर आहेत त्यांना पुढच्या बैठकीला फोन घेऊन यायला सांगा, घरच्यांच्या हाती असेल तर मागून आणायला सांगा. अपेक्षांचं पान उघडा, ते कुणी भरलं ते बघा. जातीची, वयाची, आधीच्या लग्नाची चाळण काढा आणि आठवडाभरात काय बदललं ते टिपून ठेवा. नावं, फोटो, फोन नंबर कुणाचेही पाठवू नका; फक्त काय दिसलं आणि काय दिसायचं थांबलं तेवढं पत्राने कळवा. पुढच्या अंकात चार-सहा पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.